रत्नागिरीचा पगार आणि दुबईचा पगार : नोकरी स्वीकारण्यापूर्वी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी, राजापूर, खेड, दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, म्हसळा या तालुक्यांतून आखातात नोकरीला जाणे नवीन नाही. अनेक घरांत आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्या तिकडे राबल्या आहेत. तरीही निर्णय घेताना बहुतेक जण दोन्हीकडचे मासिक आकडे शेजारी ठेवतात आणि मोठा दिसेल तो निवडतात. कामाचे तास, कपाती, रजा, आजारपण आणि नोकरी संपतानाचा हिशेब या आकड्यांत दिसत नाही. तो दिसावा, यासाठी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. ‘दुबई’ हा शब्द आपल्याकडच्या बोलण्याप्रमाणे संपूर्ण संयुक्त अरब अमिरातीसाठी वापरला आहे. हिशेबापुरता १ दिरहम म्हणजे २३ रुपये असा दर धरला आहे. आपण हिशेब कराल त्या दिवशीचा प्रत्यक्ष दर घ्यावा.

दुबईत १,२०० दिरहम मिळत आहेत आणि येथे १८,००० रुपये. दुबईचा पगार दीडपट झाला, मग विचार कसला करायचा?

१,२०० दिरहमचे २७,६०० रुपये होतात, त्यामुळे वरवर पाहता दीडपट हे खरे आहे. दोन्हीकडे महिन्याला २६ दिवस आणि रोज ८ तास काम धरले, तर दुबईत तासाला सुमारे १३३ रुपये आणि येथे सुमारे ८७ रुपये पडतात. मात्र कामगारांची वसाहत गावाबाहेर असेल आणि कंपनीच्या बसमध्ये जाऊन-येऊन रोज दोन तास जात असतील, तर तो वेळ सर्वसाधारणपणे कामाच्या तासांत धरला जात नाही. तो धरून पाहिला की दुबईचा तास १०६ रुपयांवर येतो.

आता हातात काय उरते ते पाहू. राहणे आणि प्रवास कंपनीकडे असला, तरी जेवणाला ३५० दिरहम, फोन, साबण, केस कापणे यांना ७५ आणि बेरोजगारी विम्याचे ५ दिरहम धरले, तर ७७० दिरहम, म्हणजे १७,७१० रुपये घरी पाठवता येतात. येथे १८,००० रुपयांतून भविष्य निर्वाह निधीचे १,८००, कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) योजनेचे १३५ आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा जाऊन १५,८६५ रुपये हातात पडतात. शिवाय मालकाचा निधीतील हिस्सा वेगळा जमा होत राहतो. येथे स्वतःचा खर्च यातूनच भागवावा लागतो हे खरे, पण घर स्वतःचे असते, तांदूळ बहुधा शेतातला असतो आणि रात्री माणूस आपल्या माणसांत असतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, येथे १८,००० रुपयांची नियमित, निधी आणि विमा असलेली नोकरी असणाऱ्याने १,२०० दिरहमसाठी ती सोडू नये. तीच नोकरी २,००० दिरहमची असेल, तर त्याच खर्चात १,५७० दिरहम, म्हणजे ३६,११० रुपये घरी येतात आणि प्रश्नाचे उत्तरच बदलते. येथे वर्षातले सहा-सात महिनेच काम मिळणाऱ्या माणसाचा हिशेबही वेगळा होईल. त्याने आपली वर्षाची कमाई बारांनी भागावी आणि मगच तुलना करावी.

एजंट म्हणतो, ‘बेसिक’ किती आहे ते पाहू नका, एकूण पाहा. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही, आणि या संपूर्ण पानावरची सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

राजापूर तालुक्यातील एका वायरमनने आम्हाला दाखवलेल्या ऑफर लेटरवर तीन ओळी होत्या : बेसिक ८००, फूड ३००, अदर १००. मागच्या कोऱ्या बाजूला एजंटने पेन्सिलने ‘२७,००० + ओटी’ (ओटी म्हणजे ओव्हरटाइम) एवढेच लिहिले होते. घरातल्या सर्वांनी तो पेन्सिलीचा आकडा वाचला होता. पुढच्या तीन ओळी कोणीच वाचल्या नव्हत्या.

अमिरातीच्या कायद्यात ओव्हरटाइम आणि नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी, दोन्ही मूळ पगारावर, म्हणजे ‘बेसिक’वर मोजतात, एकूण पगारावर नव्हे. मूळ पगार ८०० दिरहम असेल तर पाच वर्षांपर्यंत दर वर्षाला २१ दिवसांच्या मूळ पगाराप्रमाणे ५६० दिरहम ग्रॅच्युइटी होते. तोच १,२०० असता तर ८४० झाली असती. चार वर्षांत हा फरक १,१२० दिरहम, म्हणजे २५,७६० रुपये होतो, आणि तोही महिन्याच्या पगारात एका दिरहमचाही फरक नसताना.

आपल्याकडे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी, म्हणजे नव्या कामगार कायद्यांनी, मूळ पगार कमी दाखवण्याच्या या वाटेला बांध घातला आहे. भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली, तर वरची रक्कम वेतनातच धरावी लागते. अमिरातीत करारात जो मूळ पगार लिहिला असेल तोच खरा, म्हणून सही करण्यापूर्वी घासाघीस करायची ती याच ओळीवर करावी.

‘रोज दोन तास ओटी पक्की’ असे सांगितले जाते. त्यावर किती विसंबावे?

अजिबात विसंबू नये. अमिरातीत दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. जादा काम दिवसाला दोन तासांपर्यंत घेता येते, परंतु दर तीन आठवड्यांतील एकूण तास १४४ च्या वर जाऊ नयेत असेही त्याच कायद्यात म्हटले आहे. १४४ म्हणजे आठवड्याला सरासरी ४८. रोज दहा तास, आठवड्याचे सहा दिवस, असे तीन आठवडे काम केले तर १८० तास होतात. याचा अर्थ, बारा महिने रोज ओटी देण्याचे आश्वासन हे कायद्याबाहेरचे आश्वासन आहे. बांधकामाच्या साइटवर प्रत्यक्षात ते घडते हे आम्हाला ठाऊक आहे. पण ते हक्काचे नसते, आणि काम मंदावले की पहिल्यांदा तेच थांबते.

दराची तुलना तर अनेकांना धक्का देणारी आहे. अमिरातीत ओव्हरटाइमला मूळ पगाराच्या तासदरावर २५ टक्के वाढ मिळते, आणि रात्री १० ते पहाटे ४ या वेळेत ५० टक्के. वरच्या वायरमनचा ओटीचा तास त्यामुळे ४.१७ दिरहमचा, म्हणजे ९६ रुपयांचा होतो. भारतीय कायद्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो, म्हणजे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १८,००० रुपये घेणाऱ्याचा तास १७३ रुपयांचा होतो. लोटे परशुरामच्या औद्योगिक वसाहतीत किंवा इतरत्र ठेकेदाराकडे काम करणाऱ्या किती जणांना हे दुप्पट पैसे खरोखर मिळतात, हा प्रश्न आपण विचारलाच पाहिजे. परदेशी जाण्याचे कारण ‘इथे ओटीला काही मिळत नाही’ हे असेल, तर आधी इथला हक्क मागून पाहावा.

अमिरातीत किमान वेतन किती आहे?

खासगी क्षेत्रातील परदेशी कामगारांसाठी तेथे सर्वसाधारण किमान वेतन ठरवलेले नाही. कायद्याने मंत्रिमंडळाला तसा अधिकार दिला आहे, एवढेच. शेजारच्या कतारमध्ये मात्र मार्च २०२१ पासून मूळ पगार किमान १,००० रियाल, आणि मालक राहणे-जेवण देत नसेल तर राहण्याचे ५०० व जेवणाचे ३०० रियाल वेगळे, असा नियम आहे. दोन्ही देशांतून बोलावणे असेल तर हा फरक ध्यानात घ्यावा.

महाराष्ट्रात किमान वेतन उद्योगानुसार, कौशल्यानुसार आणि परिमंडळानुसार ठरते व महागाईनुसार विशेष भत्ता बदलत राहतो. काजू कारखान्यात किलोवर सोलणी करणाऱ्या बायकांनाही हे संरक्षण आहे. काम नगावर असले म्हणून किमान वेतन लागू होत नाही, हा समज चुकीचा आहे.

एजंटला किती पैसे द्यावेत?

भारतात परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेलाच एजंट परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करू शकतो. त्याला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. अमिरातीचा कायदा तर याहून पुढे जातो : भरतीचा खर्च कामगाराकडून प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे वसूल करण्यास मालकाला मनाई आहे.

तरीही लाख, सव्वा लाख मागितले जातात आणि दागिने गहाण ठेवून दिले जातात. महिना ३ टक्के व्याजाने एक लाख रुपये घेतले आणि १,२०० दिरहमच्या नोकरीतून उरणारे १७,७१० रुपये पूर्णच्या पूर्ण फेडीला लावले, घरी एक रुपयाही दिला नाही, तरी कर्ज फिटायला सातवा महिना उजाडतो. ज्या घराला महिन्याला पैसे हवेत म्हणून मुलगा गेला, त्या घराने ते सात महिने कसे काढायचे, हे कर्ज घेण्यापूर्वी कागदावर मांडावे. एजंटचा नोंदणी क्रमांक ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो, आणि ते काम पैसे देण्यापूर्वी करायचे आहे.

पासपोर्टवर ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीपूर्वी सरकारी मंजुरी आवश्यक) असल्यास काय करावे लागते?

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांचा पासपोर्ट सामान्यतः या वर्गातला असतो, आणि अमिरातीसह आखाती देशांत नोकरीला जाताना त्यांना उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. काही जण ही कटकट समजून आडवाटेने जातात. खरे तर याच प्रक्रियेत करार नोंदवला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचे संरक्षण मिळते. दोन वर्षांसाठी २७५ किंवा तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्त्यात अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचा विमा असतो. ही मंजुरी टाळणारा माणूस दोन्ही गोष्टी गमावतो.

आधी व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर वर्क परमिट करून देऊ, असे सांगतात. जावे का?

जाऊ नये. व्हिजिट व्हिसावर काम करणे बेकायदा आहे. परमिटशिवाय कामाला ठेवणाऱ्या मालकाला २०२४ च्या दुरुस्तीनंतर एक लाख ते दहा लाख दिरहमपर्यंत दंड होऊ शकतो; पण त्या काळात पगार थकला, पडून पाय मोडला, तर दाखवायला करारच नसतो आणि कामगारालाच मायदेशी पाठवले जाण्याची भीती असते. रीतसर ऑफर लेटर अरबी, इंग्रजी आणि कामगाराला समजणाऱ्या एका भाषेत देण्याची सोय आहे. त्या भाषांत मराठी नाही, हिंदी आहे. ती प्रत मागून घ्यावी.

ऊन, पाऊस आणि कामाच्या जागेबद्दल दोन्हीकडे काय फरक आहे?

अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर, थेट उन्हात काम घेण्यास मनाई आहे, आणि नियम मोडणाऱ्या कंपनीला प्रत्येक कामगारामागे ५,००० दिरहम दंड आहे. सकाळी आणि सायंकाळीही दमट उष्मा असतो, त्यामुळे हा नियम पुरेसा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण तो आहे. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या बागेत किंवा चिरेखाणीत भर दुपारी राबणाऱ्यांसाठी आपल्याकडे असा दंडासहित नियम नाही, ही आपली उणीव आहे.

राहण्याबाबत, ५० किंवा अधिक कामगार असलेल्या कंपनीने १,५०० दिरहमपेक्षा कमी पगाराच्या कामगारांना घर पुरवणे बंधनकारक आहे. घर म्हणजे कॅम्पमधील खोली, दुमजली खाटा आणि सामाईक स्वयंपाकघर. कुटुंब नेण्यासाठी ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम आणि राहण्याची सोय, एवढा पगार लागतो. म्हणजे वर उल्लेखलेल्या नोकरीत बायको-मुले बरोबर असणार नाहीत, हे गृहीत धरूनच निघावे.

कामगार संघटना करण्याचा हक्क येथे १९२६ च्या कायद्यापासून आहे. अमिरातीत संघटना नाहीत आणि संपाला परवानगी नाही.

मी मच्छीमार बोटीवर खलाशी आहे. मला ठरावीक पगारच नाही, मग तुलना कशी करू?

मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे येथील बोटींवर पद्धती वेगवेगळ्या आहेत. काही ठिकाणी फेरीच्या विक्रीतून डिझेल, बर्फ आणि रेशन वजा करून उरलेल्या रकमेत मालक, तांडेल (बोट चालवणारा प्रमुख) आणि खलाशी यांचे वाटे पडतात. काही ठिकाणी महिन्याचा पगार ठरवून हंगामाच्या सुरुवातीला उचल दिली जाते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि त्यानंतरही समुद्र खवळलेला असेल तर फेऱ्या बुडतात. म्हणून आपण मागील दोन हंगामांची कमाई आठवून लिहावी, त्यातून उचलीची फेड वजा करू नये (ती आपण आधीच खर्च केलेली कमाईच आहे), आणि वर्षाची सरासरी काढावी. चांगल्या महिन्याचा आकडा घेऊन केलेली तुलना समुद्राला झुकते माप देते, आणि जुलैचा आकडा घेऊन केलेली दुबईला.

व्यापारी जहाजावरची नोकरी हा यापासून निराळा विषय आहे. तेथे नौवहन महासंचालनालयाचा परवाना असलेल्या भरती संस्थेकडूनच जावे. नोकरी लावून देण्याबद्दल खलाशाकडून पैसे घेणे आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार निषिद्ध आहे.

आजारी पडल्यास काय मिळते?

अमिरातीत चाचणी काळ संपल्यानंतर वर्षाला ९० दिवसांपर्यंत आजारी रजा आहे : पहिले १५ दिवस पूर्ण पगार, पुढील ३० दिवस अर्धा, उरलेले बिनपगारी. आरोग्य विमा मालकाने काढायचा असतो, पण तो कामगारापुरताच. गावातल्या आईच्या उपचारांना त्याचा उपयोग नाही. येथे २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना, योजना लागू असलेल्या ठिकाणी, राज्य विम्याचे संरक्षण कुटुंबासह मिळते. घरात वयस्कर माणसे असतील तर ही बाब पगारातील दोन-तीन हजारांच्या फरकापेक्षा मोठी ठरू शकते.

महिलांसाठी काय वेगळे आहे?

बाळंतपणाची रजा येथे २६ आठवडे आहे, पहिल्या दोन अपत्यांपर्यंत. अमिरातीत ६० दिवस, त्यांपैकी ४५ पूर्ण व १५ अर्ध्या पगाराने. घरकामाला जाणाऱ्या महिलांनी हे जाणून घ्यावे की त्यांना तेथील सर्वसाधारण कामगार कायदा लागू होत नाही. २०२२ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात रोज १२ तास विश्रांती, त्यातले ८ तास सलग, आठवड्याची सुट्टी आणि ३० दिवसांची वार्षिक रजा आहे. घराच्या चार भिंतींआड हे हक्क मागणे कारखान्यातल्यापेक्षा अवघड असते, म्हणून ओळखीचे मराठी किंवा भारतीय कुटुंब आणि वकिलातीचा क्रमांक जवळ असल्याशिवाय जाऊ नये.

पगार थकवला किंवा पासपोर्ट काढून घेतला तर?

अमिरातीत पासपोर्ट ठेवून घेण्याचा अधिकार मालकाला नाही. पगार सरकारच्या देखरेखीखालील वेतन संरक्षण पद्धतीने बँकेतून दिला जातो, आणि देय तारखेनंतर १५ दिवसांत जमा न झाल्यास तो थकला असे मानतात. तक्रार मनुष्यबळ मंत्रालयाकडे करायची असते. ५०,००० दिरहमपर्यंतचा दावा मंत्रालय स्वतःच निकाली काढू शकते. नोकरी संपल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा करावा. न कळवता कामावर जाणे थांबवू नये, कारण मालकाने ‘पळून गेला’ अशी नोंद केली की न्याय मागणाराच अडचणीत येतो. भारत सरकारच्या ‘मदद’ संकेतस्थळावर गावातून घरचेही तक्रार नोंदवू शकतात.

येथे वेतन पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळाले पाहिजे, आणि तक्रार कामगार आयुक्तालयाच्या जिल्हा कार्यालयात करता येते.

तिकडच्या पगारावर कर लागतो का?

अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही. भारतात, त्या आर्थिक वर्षात आपले येथील वास्तव्य १८२ दिवसांपेक्षा कमी असेल तर तिकडच्या पगारावर कर नाही. म्हणून सप्टेंबरच्या शेवटी किंवा त्यानंतर निघणाऱ्याने पहिल्या वर्षाचा हिशेब सल्लागाराकडून करून घ्यावा. गावच्या बँकेतील बचत खाते अनिवासी प्रकारात बदलून घ्यावे लागते, आणि पाठवण्याच्या पैशांसाठी एनआरई (परदेशातील कमाईचे अनिवासी) खाते उघडल्यास त्यावरील व्याज करमुक्त असते.

नोकरी संपवून परतताना कोणता हिशेब घ्यायचा?

अमिरातीत एक वर्ष पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटीचा हक्क येतो : पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा, त्यापुढे ३० दिवसांचा मूळ पगार. येथे दर वर्षी १५ दिवसांचे वेतन आहे, पण त्यासाठी साधारणपणे पाच वर्षांची नोकरी लागते. मुदतीच्या करारावर असलेल्यांना नव्या संहितेने ती अट एका वर्षावर आणली आहे. तेथे परदेशी कामगारांसाठी आपल्या भविष्य निर्वाह निधीसारखी सक्तीची योजना नाही, त्यामुळे म्हातारपणाची तरतूद आपल्यालाच दर महिन्याला बाजूला काढावी लागते.

करार संपल्यापासून १४ दिवसांच्या आत मालकाने सगळी देणी चुकती करायची असतात. त्यात शेवटचा पगार, न घेतलेल्या रजेचे पैसे आणि ग्रॅच्युइटी यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. ‘सर्व मिळाले’ या अरबी कागदावर सही पैसे खात्यात जमा झाल्यानंतरच करावी, आणि त्या कागदाचा फोटो काढून विमानात बसण्यापूर्वी घरी पाठवावा.